५९ ची कॅडिलॅक आणि ते मागचे पंख : सुंदर, की फुकट घालवलेला पत्रा?

मृण्मयी_ट्रॉय
गेल्या शनिवारी सासऱ्यांना वुडवर्ड ॲव्हेन्यूवर घेऊन गेले होते. डेट्रॉईटच्या आसपास राहणाऱ्यांना ठाऊकच आहे, ऑगस्टातला तिसरा शनिवार म्हणजे इथली जुन्या गाड्यांची जत्रा. १९९५ पासून भरते. लोक सकाळपासून रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसतात आणि अंधार पडेपर्यंत समोरून गाड्या जात राहतात.

आमचे बाबा (सासरे) दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. उभं आयुष्य पत्रा आणि रिव्हेट. रॉयल ओकजवळ एका दुकानाच्या आवारात १९५९ ची पांढरी कॅडिलॅक एल्डोराडो उभी होती, टप खाली केलेली. समोरून पाहिली तेव्हा मला ती फक्त लांबलचक वाटली. मागे गेले आणि पाय हलेना. दोन्ही बाजूंनी पत्रा वर उठत उठत जातो आणि शेवटी सुरीसारखा टोकदार होतो. प्रत्येक पंखाच्या पोटाला दोन-दोन लाल दिवे, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे. ऊन त्या क्रोमवर असं होतं की डोळे बारीक करून पाहावं लागत होतं.

बाबांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून खालून पाहिलं आणि म्हणाले, "एवढा पत्रा फुकट घालवलाय. ह्यानं गाडी काय उडणार आहे?"

घरी आल्यापासून आमच्यात हाच वाद चालू आहे. मला ती गाडी फार सुंदर वाटली, पण का वाटली ते बाबांना पटेल असं सांगता येत नाहीये. ज्याचा काही उपयोग नाही, ते इतक्या मेहनतीने का बनवलं असेल? जाणकारांनी सांगावं.

वाटसरू
बाबांना माझा नमस्कार सांगा. एसटीच्या माणसाची नजर आहे ती.

गॅरेज_कोथरूड
बाबांच्या बाजूने आधी आकडे देतो. ही गाडी सव्वादोनशे इंच लांब, म्हणजे ५.७ मीटर. रुंदी दोन मीटरच्या वर. इंजिन व्ही-एट, ६.४ लिटर. वजन सव्वादोन टनांच्या आसपास. आपली प्रीमियर पद्मिनी ३.९ मीटर आणि १,०८९ सीसी! पद्मिनीची जवळजवळ सहा इंजिनं त्या एका बॉनेटखाली मावली.

तुम्ही पाहिलेली टप उघडणारी एल्डोराडो असेल तर ती बियारिट्झ हे मॉडेल. त्या वर्षी फक्त १,३२० बनवल्या. किंमत ७,४०१ डॉलर. ३४५ हॉर्सपॉवर, तीन कार्बोरेटर. तिला स्प्रिंगऐवजी हवेचं सस्पेन्शन होतं आणि ते गळायचं. अनेक मालकांनी पुढे ते काढून साध्या कॉइल स्प्रिंगा बसवल्या. तुमची गाडी उभी असताना मागून बसलेली होती का? बसलेली असेल तर मालकाने मूळ सस्पेन्शन जपलंय. तसं असेल तर त्याला माझ्याकडूनही नमस्कार सांगा.

अनघा_ग
मृण्मयी, पंखांची गोष्ट तुमच्या घराजवळच सुरू होते. १९४१ मध्ये कॅडिलॅक बनवणाऱ्या जनरल मोटर्सचे डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल आपल्या माणसांना घेऊन सेल्फ्रिज फील्डच्या लष्करी विमानतळावर गेले होते. ट्रॉयपासून तो फार लांब नाही. तिथे त्यांनी लॉकहीडचं पी-३८ हे नवं लढाऊ विमान पाहिलं. त्याला मधलं एक धड आणि दोन शेपट्या, प्रत्येक शेपटीला उभं सुकाणू. जवळ जायची परवानगी नव्हती, लांबूनच पाहायचं. तेवढं पुरलं. युद्ध संपलं, नव्या गाड्यांचं काम सुरू झालं आणि १९४८ च्या कॅडिलॅकच्या मागच्या मडगार्डांवर दोन लहानसे उंचवटे आले. फ्रँक हर्शी यांच्या हाताखाली ते काम झालं.

त्या पहिल्या पंखाला थोडा उपयोगही होता, हे बाबांना सांगा. डाव्या बाजूचा मागचा दिवा वर उचलला की खाली पेट्रोलच्या टाकीचं तोंड.

अर्ल यांची कामाची पद्धतही सांगण्यासारखी आहे. ते स्वतः फार चित्रं काढत नसत. पूर्ण आकाराची गाडी आधी मातीत घडवायची, ही रीत त्यांनी रुजवली. तपकिरी मॉडेलिंगची माती गरम करून लाकडी सांगाड्यावर थापायची आणि पात्यांनी खरवडत आकार काढायचा. तुम्हाला सुंदर वाटलं ते त्यामुळे, असं मला मनापासून वाटतं. ती रेषा पट्टीने आखलेली नाही, हाताने खरवडलेली आहे. पुण्यात शिकताना आम्ही मातीत मॉडेल करायचो. पाती फिरवताना हाताला कळतं की इथे फुगवटा थांबायला हवा. डोळ्याला ते नंतर कळतं.

मालवणी_माणूस
एक शंका. मराठीत ह्याला पंख म्हणायचं का? पंखाने उडतात. माशाच्या पाठीवर आणि शेपटीला असतं ते वेगळं. इंग्रजीत तर ह्याला माशाचाच शब्द आहे.

सुलभाताई_नाशिक
पर! शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात होतं, "माशाला पोहण्यासाठी पर असतात." मी पंचवीस वर्षं शिकवलंय.

मालवणी_माणूस
ताई, हाच शब्द हवा होता. सुरमईचा पर आणि कॅडिलॅकचा पर. आता पापलेट साफ करताना ही गाडी आठवणार.

मृण्मयी_ट्रॉय
पर! बाबांना सांगितलं. म्हणाले, "मासा पाण्यात वळतो परामुळे. गाडी वळते स्टिअरिंगमुळे." वाद चालूच.

निखिल_बेलापूर
मला वाटतं हा सगळा अंतराळयुगाचा परिणाम. ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाने स्पुटनिक सोडला, अमेरिकेला धक्का बसला, सगळीकडे रॉकेट-रॉकेट झालं. म्हणून १९५९ च्या गाडीला रॉकेटसारखे दिवे.

चाक_आणि_चाकोरी
निखिल, ऐकायला बरोबर वाटतं, पण काळाचा हिशोब जुळत नाही. तेव्हा नव्या गाडीचा आकार दोन-अडीच वर्षं आधी ठरायचा, कारण पत्रा दाबायचे साचे बनायलाच तेवढा वेळ लागे. ५९ च्या गाडीचं बीज १९५६ मध्ये पडलं आणि ते एका कुंपणापाशी.

ऑगस्ट १९५६. जनरल मोटर्सचे तरुण डिझायनर चक जॉर्डन दुपारच्या सुट्टीत गाडी घेऊन निघाले आणि क्रायसलर ह्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या एका आवाराजवळून गेले. कुंपणाच्या आत, गवतात, पुढच्या वर्षीच्या म्हणजे १९५७ च्या प्लायमाउथ गाड्या ओळीने उभ्या. बुटक्या, सडपातळ, टप पातळ, आणि मागे उंच पर. क्रायसलरचे डिझाइनप्रमुख व्हर्जिल एक्सनर यांचं काम. जॉर्डन परत आले आणि बाकीच्यांना म्हणाले, चला, बघून या. त्या दिवसांत अर्ल युरोपात होते. ५९ साठी कंपनीत जे आकार तयार होत होते ते ह्या प्लायमाउथपुढे जाड आणि थोराड दिसू लागले. अर्ल यांच्या मागे काम पाहणाऱ्या बिल मिचेल यांनी मुलांना नव्याने सुरुवात करू दिली. अर्ल परतले, त्यांनी पाहिलं आणि मान्य केलं. तीस वर्षं ज्यांच्या शब्दाबाहेर कोणी गेलं नाही त्या माणसाने हे मान्य केलं, ह्याचं मला फार मोल वाटतं. १९५८ च्या अखेरीस ते निवृत्त झाले. म्हणजे तुम्ही पाहिलेली गाडी त्यांच्या कारकिर्दीच्या शेवटाची.

स्पुटनिक आला तेव्हा ते पर ठरून गेले होते. आकाशाचं वेड मात्र त्याआधीपासून होतंच, जेट विमानांचं. अर्ल यांनी तर १९५३ मध्ये गॅस टर्बाइनवर चालणारी, चाकं लावलेल्या विमानासारखी फायरबर्ड बनवून घेतली होती.

निखिल_बेलापूर
मान्य. कुंपणाची गोष्ट ठाऊक नव्हती. धन्यवाद.

गॅरेज_कोथरूड
त्यात भर. क्रायसलरने तेव्हा असा दावा केला होता की परांमुळे आडव्या वाऱ्यात गाडी स्थिर राहते, त्यासाठी वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्याही दाखवल्या. कॅडिलॅकने असला दावा करायची गरजच मानली नाही. आणि त्या सुंदर ५७ च्या क्रायसलर गाड्या घाईत बाजारात आणल्यामुळे लवकर गंजल्या. पत्र्याची गुणवत्ता हा बाबांचा विषय, त्यांना नक्की सांगा.

दत्तू_इंजिनिअर
सगळे कौतुक करताहेत म्हणून विरोधी मत मांडतो. ह्या गाडीला मी सुंदर म्हणणार नाही. कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी जनरल मोटर्समध्ये धोरणच आखलं होतं : शेवरोलेपासून सुरुवात करा, पगार वाढला की पाँटियाक, मग ओल्ड्समोबिल, ब्युइक आणि सगळ्यात वर कॅडिलॅक. दरवर्षी आकार बदला, म्हणजे शेजाऱ्याची नवी गाडी पाहून ह्याला आपली जुनी वाटेल. पर हे त्याचं सगळ्यात सोपं हत्यार. आतलं यंत्र तेच, पत्रा बदलला की झालं. ५९ साली तर खर्च वाचवायला कंपनीच्या पाचही नावांच्या गाड्यांना पुढचे दरवाजे एकाच साच्यातले होते. मग वेगळेपणा दाखवायचा कुठे? मागे! शेवरोलेला आडवे पर, कॅडिलॅकला उभे.

आणि माणसं मरत होती. स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीत घुसायचा. १९५९ मध्येच स्वीडनमध्ये व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांचा तीन टोकांचा सीटबेल्टचा पट्टा गाडीत आला. एकीकडे माणूस वाचवणारा पट्टा आणि त्याच वर्षी दुसरीकडे हे पर. गाड्यांच्या सुरक्षेसाठी लढणारे राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकात उभ्या असलेल्या गाडीच्या परावर आदळून झालेल्या इजा आणि मृत्यू नोंदवलेत, त्यात लहान मूलही आहे. सौंदर्याबद्दल बोलताना हे बाजूला ठेवणं मला जमत नाही.

अनघा_ग
दत्तू, दुसरा परिच्छेद शब्दशः मान्य. पहिल्यात थोडी असहमत. दरवर्षी बदल हे विक्रीचं धोरण होतं, खरंय. पण मातीत पाती फिरवणाऱ्याने विक्रीसाठी ती रेषा तशी काढली नाही. दोन्ही गोष्टी एकाच गाडीत आहेत आणि मला त्या वेगळ्या करता येत नाहीत.

जाता जाता, त्याच स्टुडिओत बायकाही होत्या. अर्ल यांनी पन्नासच्या दशकात महिला डिझायनरांचा गट नेमला होता. सुझान व्हँडरबिल्ट त्यातल्या एक. त्यांना बहुतेक काम आतलं मिळे : कापड, रंग, बैठका. बाहेरच्या पत्र्याला हात लावायला मिळणं अवघड. ५९ च्या गाडीच्या आत डोकावलं असेल तर ते रंग आठवा.

संघमित्रा_नागपूर
इतका वेळ वाचत होते. डिझाइनमधलं मला फार कळत नाही, पण कॅडिलॅकबद्दल एक गोष्ट इथे यायलाच हवी.

तीसच्या दशकातल्या मंदीपर्यंत कॅडिलॅक कृष्णवर्णीयांना गाडी विकत नसे. धोरणच होतं. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी लिहिलंय की निकोलस ड्रेस्टाट नावाचे अधिकारी सर्व्हिस विभाग पाहत होते. त्यांच्या लक्षात आलं की दुरुस्तीला गाड्या घेऊन येणारे कितीतरी जण कृष्णवर्णीय आहेत : मुष्टियोद्धे, गायक, डॉक्टर. हे लोक एखाद्या गोऱ्या माणसाला जादा पैसे देऊन त्याच्या नावावर गाडी घ्यायचे. ड्रेस्टाट यांनी संचालकांना सांगितलं, आपण सरळ विकू या. कंपनी वाचायला त्याची मदत झाली.

लोक जादा पैसे का देत होते, ते पाहा. हातात पैसा असला तरी चांगल्या वस्तीत घर मिळत नसे. हॉटेलात खोली मिळत नसे. प्रवासात कुठे थांबता येईल ह्याची यादी हार्लेमच्या व्हिक्टर ग्रीन या पोस्टमनने १९३६ पासून छापायला घेतली, कारण चुकीच्या गावात रात्र झाली तर जिवावर बेतायचं. दक्षिणेत बसमध्ये मागे बसायचं, गोरा आला की उठायचं. स्वतःची गाडी म्हणजे ह्या सगळ्यातून सुटका. एबनी मासिकाने १९४९ मध्ये कृष्णवर्णीय कॅडिलॅक का घेतात यावर संपादकीय लिहिलं होतं. त्याचा आशय असा, की ही गाडी म्हणजे आपण कुणाहून कमी नाही हे सांगण्याचं साधन आहे.

दत्तू, तुम्ही त्याला बडेजाव म्हणाल. माझ्या आजोबांच्या घरात बाबासाहेबांचा सुटातला फोटो होता. आजोबा स्वतः गिरणीत होते, पण सभेला जाताना कडक इस्त्रीचा शर्ट. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला बायकांना सांगितलं होतं की नेसणं बदला, अस्पृश्यतेची ओळख सांगणाऱ्या खुणा टाकून द्या. उपयोगाच्या हिशोबात सूट बसत नाही आणि नेसणंही बसत नाही. ज्याला सतत खाली बसवलं गेलंय त्याच्या गाडीचा पर रस्त्यावर सगळ्यांच्या वर दिसत असेल, तर तो पत्रा फुकट गेला असं मी म्हणणार नाही.

दत्तू_इंजिनिअर
संघमित्राताई, हा प्रतिसाद दोनदा वाचला. माझा मुद्दा कारखान्याकडून पाहिलेला होता, घेणाऱ्याकडून मी पाहिलंच नव्हतं. सुरक्षेबद्दलचं मत कायम आहे. पण "बडेजाव" मी म्हणणार नाही.

सुलभाताई_नाशिक
संघमित्रा, हे स्वतंत्र लेख म्हणून लिही. वाट पाहते.

टेक्सासचा_तात्या
अमॅरिलोला गेलात तर शहराबाहेर शेतात दहा कॅडिलॅक नाकाने जमिनीत पुरलेल्या दिसतील, शेपट्या आकाशाकडे. १९७४ मध्ये अँट फार्म या कलाकारांच्या गटाने पुरल्या. १९४९ पासून १९६३ पर्यंतच्या गाड्या आहेत, त्यामुळे ओळीने चालत गेलं की पर वाढताना आणि मग उतरताना दिसतात. शहर वाढलं म्हणून १९९७ मध्ये उकरून दोन मैल पश्चिमेला पुन्हा पुरल्या. आता कुणीही रंगाचा डबा घेऊन जातं आणि फवारतं. रंगाचे इतके थर साचलेत की पत्रा बोटाला लागतच नाही. माझ्या लेकीने तिथे देवनागरीत "आजी" असं लिहिलं. पुढच्या आठवड्यापर्यंत त्यावर दुसऱ्याचं नाव चढलं असणार.

मुद्दा असा की पर १९५९ ला सगळ्यात उंच झाले, १९६० पासून उतरू लागले आणि १९६५ च्या गाडीवर दिसेनासे झाले. सतरा वर्षांत आले आणि गेले.

क्रॉफर्ड_ते_कुर्ला
गेले म्हणता? माझे वडील मुंबईत टॅक्सी चालवायचे. पद्मिनी. तिचा मागचा भाग आठवा. डिकीच्या दोन्ही कडांना पत्रा थोडा वर उठलेला, त्यात उभे दिवे. तो परच आहे! पन्नासच्या दशकात अमेरिकेची नक्कल युरोपातही चालली होती आणि इटलीत फियाट ११०० ला लहानसे पर फुटले. तीच गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून बनू लागली. तिचं नाव १९७४ मध्ये पद्मिनी झालं. डेट्रॉईटने १९६५ ला पर सोडले, आपण ते मुंबईच्या रस्त्यावर ऑक्टोबर २०२३ पर्यंत चालवले. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी उतरली तेव्हा.

हा कारखाना वालचंद हिराचंद यांनी उभारला आणि सुरुवात केली होती ती क्रायसलरच्याच गाड्या जोडून. जनरल मोटर्सचाही कारखाना शिवडीला होता, १९२८ ते १९५४. म्हणजे ही सगळी मंडळी आपल्या मुंबईत येऊन गेलेली.

वडील रोज सकाळी गाडी पुसायचे. त्या उंचवट्यावरून फडकं शेवटी फिरायचं, मागून पुढे, एकाच हाताने. मला वाटायचं तिथे धूळ जास्त बसते.

मालवणी_माणूस
हे वाचून माझ्या काकांच्या पद्मिनीपाशी गेलो. सावंतवाडीला अंगणात झाकून ठेवलीय. मोजलं. डिकीच्या वर दोन बोटं. दोनच! पण आहे.

गॅरेज_कोथरूड
माझ्याकडे आलेल्या किती पद्मिनी मी त्याच कोपऱ्यावर ठोकल्यात. रिक्षा घासून गेली की पहिला तोच भाग चेपायचा. आतून हात जात नाही, डॉली (ठोकताना आतून टेकवायचा लोखंडी ठोकळा) धरता येत नाही. त्याला पर म्हणतात हे आज कळलं.

मृण्मयी_ट्रॉय
सगळ्यांचे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. संघमित्राताईंचा प्रतिसाद त्यांनी स्वतः चष्मा लावून पुन्हा वाचला. पद्मिनीचं ऐकून म्हणाले, "अरे, हे डोळ्यासमोर होतं की."

गाडीच्या मालकांनी त्या दिवशी फोन नंबर दिला होता. काल त्यांच्या गॅरेजमध्ये जाऊन आलो. साधारण बाबांच्याच वयाचे आहेत, पत्रा दाबण्याचे साचे बनवायच्या कामात आयुष्य गेलेलं. @गॅरेज_कोथरूड, हो, गाडी मागून बसलेली होती. मूळचं हवेचं सस्पेन्शन आहे, त्यांनी तीन वेळा गळती काढलीय. तुमचा नमस्कार पोचवला.

बाबांना इंग्रजी बोलायचा संकोच वाटतो, म्हणून मी दुभाषी म्हणून सोबत उभी राहिले. पहिली दहा मिनिटं माझी गरज लागली, नंतर नाही. मालकांनी डिकी उघडली आणि पर जिथे मडगार्डाला मिळतो तिथला सांधा आतून टॉर्चने दाखवला. बाहेरून तो शोधूनही सापडत नाही. तिथे शिसं आणि कथील वितळवून भरलंय आणि कानशीने घासून सपाट केलंय. बाबांनी डोळे मिटून बाहेरून तळवा फिरवला, मग बोटांची टोकं. परत तळवा. मालक काही बोलले नाहीत, नुसते पाहत होते. बाबांनी मला विचारलं, "हा एका पत्र्यात दाबलाय की दोन?" मी विचारायच्या आत मालकांनी हाताने खूण करून सांगितलं. त्यांना प्रश्न कळला होता.

मग ते दोघं खाली बसले, कागदावर साच्याचं चित्र काढत. चहा गार झाला. निघताना मालकांनी खालच्या कडेला गंज धरलेला एक तुकडा दाखवला आणि उद्या तो कापून नवा बसवायचा म्हणाले.

आत्ता सकाळचे साडेसहा वाजलेत. बाबा बूट घालून दारात उभे आहेत आणि मी गाडीची किल्ली शोधतेय.